मामांचा चांगला कान

तीर्थस्वरूप मामांना,

आपल्या एकुलत्या एका भाच्याचा वाकून नमस्कार. (पत्रातला नमस्कार वाकून केलाय की बसल्या बसल्या, हे वाचणाऱ्याला कळायची सोय नसते, म्हणून मुद्दाम सांगतो: वाकलो होतो. तुमची सूनबाई, म्हणजे आमची ही, साक्षीला आहे. तिनं स्वयंपाकघरातून विचारलंसुद्धा, काय पडलं म्हणून.)

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? प्लास्टर निघालं का? जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावत जमिनीवर राहिलात, आणि निवृत्त झाल्यावर बल्ब बदलायला शिडीवर चढलात, याला काय म्हणावं? त्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात उजेड नाही. काठी वापरता ना? भूक लागते ना? झोप लागते ना? आणि कान कसा आहे? म्हणजे जो चांगला आहे तो. त्याला जपा. (कोणता चांगला, ते ओघात आलंच तर कळवा. घाई अजिबात नाही. उलटटपाली कळवलंत तरी चालेल.)

पाकीट फोडण्याआधी ते नीट निरखून घ्या. मी डिंक लावून वर चिकटपट्टी मारली आहे आणि पट्टीवर आडवी सही केली आहे. सही तुटक दिसली तर समजा, आमच्या खालच्या मजल्यावरच्या पेन्शनरनं वाचलंय. हा गृहस्थ सगळ्या इमारतीचं जाणारं टपाल पेटीत टाकतो, आलेलं घरोघर पोचवतो, आणि त्याला मदत म्हणतो. मदत! परवा जिन्यात भेटला तर म्हणाला, मामांचा गुडघा कसा आहे? आता तुमचा गुडघा मोडल्याचं मी त्याच्यापाशी बोललो नव्हतो. सूनबाई म्हणते, मी बोलले होते. असेल. पण का बोलली? तिच्या मते माझा स्वभाव संशयी आहे. (हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं, त्याचा मी तपास करतो आहे.)

आता मूळ विषय. म्हणजे मूळ विषय असा काही नाहीच, सहज एक हकीकत सांगतो. रविवारी नगर सभागृहात आपल्या बारकीचं चेलोवादन झालं, ते आमच्या रेडिओ केंद्रानं थेट प्रक्षेपित केलं आणि ते प्रक्षेपण मी केलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (घरात सगळ्यांत उंच झालेल्या, देशोदेशी वाजवत फिरणाऱ्या धाकट्या बहिणीला अजून बारकी म्हणायचं म्हणजे कठीणच आहे, पण तिचं खरं नाव घेतलं की ती माझ्याकडे संशयानं बघते.) तुम्ही ऐकलंत ना? शेवटपर्यंत ऐकलंत? कुठे बसला होतात? म्हणजे रेडिओच्या कोणत्या बाजूला? विचारण्याचं कारण एवढंच की सूनबाईनं तुम्हाला कायमचं आमच्याकडे राहायला या म्हणून लिहिलं, त्यावर तुम्ही कळवलंत, रविवारी बारकीचा कार्यक्रम ऐकतो आणि मग सांगतो. रविवार होऊन गेला. सोमवार गेला, मंगळवार गेला. तुमचा फोन नाही, चिठ्ठी नाही. आम्ही केला तर तुम्ही उचलत नाही. तुमच्यासारखा वेळेचा पक्का माणूस गप्प बसला की माझ्या मनात नाही नाही त्या शंका येतात. कुठेतरी पाणी मुरतंय. म्हटलं, आपणच सगळं सविस्तर लिहावं, म्हणजे बाहेरून काही उलटसुलट तुमच्या कानावर आलं असलं (कोणत्याही कानावर), तर गैरसमज नको.

झालं असं. आमच्याकडे कोडेक नावाची एक पेटी असते. दिसायला साधी, पुढे छोटा पडदा आणि चार बटणं. एक पेटी सभागृहात माझ्यापाशी आणि तिची जोडीदारीण स्टुडिओत. माझी पेटी इथला आवाज बारीक घडी घालून इंटरनेटच्या तारेतून पाठवते, तिकडची पेटी घडी उलगडून वाजवते. तसंच स्टुडिओतलं बोलणं उलट दिशेनं माझ्या हेडफोनमध्ये येतं. म्हणून प्रत्येक पेटीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, आवाज कसा पाठवायचा, तो ट्रान्समिट मोड. दुसरी, येणारा आवाज कसा घ्यायचा, तो रिसीव्ह मोड. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. बोलायची तऱ्हा एक आणि ऐकून घ्यायची दुसरी. (आपल्या घराण्यात हे पेटीशिवायही चालतं.)

पाठवताना पेटीला दोन वाटा असतात, डावी आणि उजवी. आमचा रिवाज असा की डाव्या वाटेनं कार्यक्रम पाठवायचा, तो लोकांसाठी. उजव्या वाटेनं मी स्टुडिओतल्या बाईंशी बोलायचं: वादक आले, वादक बसले, टाळ्या थांबल्या, आता सुरू होईल. हे फक्त बाईंच्या टेबलावरच्या एका छोट्या स्पीकरवर वाजतं, लोकांना त्याचा पत्ता नसतो. यासाठी जो मोड लावतात त्याला ड्युअल मोनो म्हणतात. त्यात दोन्ही वाटा एकाच घरात राहून तोंड न पाहणाऱ्या जावांसारख्या असतात. त्याच्याच खाली पडद्यावर दुसरी ओळ येते, स्टिरिओ. त्यात दोन्ही वाटा जोडीनं जातात. डावी लोकांच्या डाव्या स्पीकरला, उजवी लोकांच्या उजव्या. ओळी अगदी लागून आहेत. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, कारण माझं बोट काही घसरलं नव्हतं. मी विचारपूर्वक स्टिरिओ लावला.

त्याला कारण त्या बाई. या आमच्या केंद्रात माझ्यानंतर आल्या आणि दोन वर्षांत मुख्य अभियंता झाल्या. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते यालाच. शनिवारी पेटी हातात देताना म्हणाल्या, ड्युअल मोनो लावून दिला आहे, बाकी कशाला हात लावू नका. माझे कान तिथेच टवकारले. कशाला हात लावू नका म्हणजे? हात लावला तर काय सापडेल? आणि दुसरं, गेल्या महिन्यात केंद्राच्या साहेबांच्या पुतण्याच्या वाद्यवृंदाला याच बाईंनी दोन मायक्रोफोन देऊन चांगला ऐसपैस स्टिरिओ दिला होता. तो पुतण्या ढोल बडवतो. त्याला स्टिरिओ आणि आपल्या बारकीच्या चेलोला मोनो? माझं रक्त उसळलं, मामा. म्हटलं, आपल्या घरची मुलगी काही वाटेवर पडलेली नाही. सभागृहात जाऊन पेटी मांडली आणि पहिलं काम हेच केलं. (मायक्रोफोन माझ्याकडे एकच होता आणि दुसऱ्या वाटेवर माझाच बोलायचा माईक जोडलेला होता, ही बारकाव्याची गोष्ट त्या क्षणी माझ्या मनात आली नाही. अभिमानापुढे कोणाच्या मनात काय येतं?)

तिकडच्या पेटीचा रिसीव्ह मोड बाईंनी असा ठेवला होता, की पाठवणारा करील तसं तिनं मुकाट करायचं. तिनं तसं केलं. इकडच्या पेटीचा रिसीव्ह मोड मात्र मी बदलला. मागे कधीतरी मी ऐकलं होतं, की या पेट्यांची बटणं दुसऱ्या टोकाला बसूनही फिरवता येतात. म्हणजे या उंटावरून शेळ्या हाकणार आणि नाव माझं बिघडणार. म्हटलं, माझी पेटी माझ्या मोडवर राहील, बाईंच्या नाही. परिणाम असा की बाई एका भाषेत पाठवत राहिल्या आणि माझी पेटी दुसऱ्याच भाषेला कान लावून बसली. हेडफोनमध्ये चिडीचूप. आता शहाण्या माणसानं अशा वेळी आपण काय फिरवलं ते आठवावं. माझ्या मनात वेगळंच आलं: तिकडे साहेब आणि बाई माझ्याबद्दल काहीतरी बोलताहेत आणि ते मला ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी आवाज बंद केला आहे. (चोराच्या मनात चांदणं, असं सूनबाई म्हणते. पण चोर कोण, हे ती सांगत नाही.)

मला बसायला दिलेली खोली रंगमंचाच्या बाजूची, मोडक्या खुर्च्यांची. एक पाय आखूड असलेली खुर्ची खास माझ्यासाठी काढून ठेवली होती. एका भिंतीत झरोका, त्यातून रंगमंच दिसायचा; दाराला काच, त्यातून बाहेरचा बोळ. दारावरच्या माणसाला मी आधीच बजावलं होतं, की कोणालाही आत सोडायचं नाही, आणि मी रेडिओतून आलोय असं म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही, कारण रेडिओतून जो यायचा तो आलेला आहे. माणूस कर्तव्यदक्ष होता. पहिलं, नुसत्या पियानोचं वादन सुरू झालं तेव्हा आमच्या कचेरीचा ड्रायव्हर स्कूटरवरून धापा टाकत आला. दोघांची बाचाबाची मी काचेतून पाहत होतो. ड्रायव्हर आधी पेटीकडे बोट दाखवी, मग माझ्याकडे, मग आपल्या तोंडावर बोट ठेवी. पुन्हा पेटी, पुन्हा मी, पुन्हा तोंडावर बोट. मी म्हटलं, हा मला धमकावतो आहे! गप्प बस, नाहीतर पेटी उचलून नेईन! मी दारावरच्याला मानेनंच शाबास म्हटलं आणि काचेवर माझा कोट टांगला.

मोबाईल बंद होता, कारण सभागृहाचा तसा नियम आहे. हेडफोनमध्ये कोणी नाही, दारात कोणी येत नाही. अशा वेळी माणूस काय करणार? बोलत राहणार. आधी मी कामाचं बोललो. वादक आले, पियानोवाला बसला, पानं उलटणारी मुलगी जांभई देते आहे. उत्तर नाही. मग म्हटलं, ऐकू येतंय ना? उत्तर नाही. बरं, ऐकायचंच नसेल तर ऐका. असं म्हणून मी थोडं मन मोकळं केलं. साहेबांचे केस साहेबांचे नाहीत, हे मला कधीपासून ठाऊक आहे. बाईंना बढती कशी मिळाली, याबद्दल माझ्याजवळ दोन तर्क आहेत आणि दोन्ही सांगितले. मग घरगुती एकदोन गोष्टी निघाल्या. किरकोळ. आता नेमकं काय बोललो ते आठवतही नाही. नंतर बारकी आली, तिनं ते संथ वादन सुरू केलं, तेव्हाही मी काहीतरी बोललो असेन. तेही आठवत नाही. चेलो मात्र मला लख्ख आठवतो. मामा, आपली पोर काय वाजवते! कोटाच्या कडेनं दिसत होतं, दारावरचा माणूससुद्धा काचेला पाठ टेकून उभा राहिला होता आणि त्याची पाठ हलत नव्हती.

केंद्रावर परतलो तर बाई एवढंच म्हणाल्या, या, बसा. मग त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं. डाव्या स्पीकरमधून बारकीचा चेलो, नितळ. उजव्या स्पीकरमधून एक माणूस एकसारखा कुजबुजत होता. आवाज ओळखीचा वाटला. कोणीतरी माझी नक्कल करतंय, असा मला आधी संशय आला. पण केसांचा भाग आल्यावर माझी बोबडी वळली. मी विचारलं, तुम्ही माझी बाजू बंद का नाही केलीत? बाई म्हणाल्या, त्या स्टिरिओपायी दोन्ही बाजू आवाज कमीजास्त करायच्या एकाच दांडीवर आल्या होत्या, ती खाली ओढली असती तर चेलोही गेला असता. मग म्हणाल्या, हेडफोनमध्ये तुम्हाला ओरडून ओरडून सांगत होते. त्यांचा घसा खरोखरच बसलेला होता. वर जाता जाता म्हणाल्या, वाजवते मात्र सुरेख तुमची बहीण. यात काय हेतू असावा, ते अजून माझ्या लक्षात आलेलं नाही.

साहेबांनी कार्यक्रम गाडीत ऐकला. त्यांच्या गाडीचा उजवा स्पीकर केव्हाचा बंद आहे. त्यांनी मला खोलीत बोलावून हात हातात घेतला आणि इतका स्वच्छ आवाज आपल्या केंद्रानं आजवर दिला नव्हता म्हणाले. मी त्यांच्या डोक्याकडे पाहणं कटाक्षानं टाळलं. साहेबांच्या पत्नींनी घरी, दोन्ही कानांत यंत्रं घालून ऐकला. त्या अजून काही बोललेल्या नाहीत, आणि मला शनिवारी चहाला बोलावलं आहे. (कशाला?) श्रोत्यांचे फोनही आले. डाव्या बाजूचे श्रोते चेलोची स्तुती करत होते. उजव्या बाजूच्या एका बाईंनी विचारलं, मग त्या खिडकीचं काय ठरलं? कोणती खिडकी, मला काही कळलं नाही. बाई असंही म्हणाल्या, की ज्यांच्याकडे जुने, एकाच स्पीकरचे रेडिओ आहेत, त्यांना दोन्ही बाजू एकत्र मिसळून ऐकू आल्या असणार. म्हणजे चेलो आणि मी, अशी जुगलबंदी.

तुमच्या बाबतीत ती भीती नाही. कारण तुमच्या वाढदिवसाला मी स्वतः दोन स्पीकरचा नवा रेडिओ दिला आहे. वापरता ना तो? म्हणजे शंका नाही, पण कसा वाजतो असं विचारलं की तुम्ही म्हणता, छान आहे, फार छान आहे. आणि लहानपणी तुम्हीच मला शिकवलं होतं, की मैफिलीनंतर जो नुसतं छान छान म्हणतो, त्यानं ऐकलेलं नसतं.

तेव्हा प्रश्न फक्त कानाचा राहतो. तुमचा एक कान मोठ्या पियानोंच्या ठणठणाटानं गेला, हे सगळ्या घराला माहीत आहे. कोणता गेला, हे कोणालाच नाही. सूनबाई म्हणते डावा. मी म्हणतो उजवा. बारकीला विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, ज्या बाजूनं कोणी काम सांगतं तो. मी घरातले जुने फोटो काढून बसलो. आमच्या लग्नाच्या फोटोत तुमची मान डावीकडे झुकली आहे, म्हणजे डाव्यानं ऐकता. बारकीच्या शाळेच्या फोटोत उजवीकडे. मामींच्या शेजारी बसलेल्या एकाही फोटोत मान कुठेच झुकलेली नाही; नाकासमोर बघताय. त्यावरून काही निष्पन्न होईना. सूनबाई म्हणाली, कान एक गेला काय नि दुसरा गेला काय, खोलीतला आवाज उरलेल्या कानाला मिळतोच. हिला ध्वनिशास्त्र कोणी शिकवलं, हेही एकदा बघायला हवं. माझं म्हणणं साधं आहे: माणूस रेडिओसमोर बसतो तेव्हा चांगल्या कानाकडचा स्पीकर त्याला जास्त ऐकू येणार. डावा चांगला असेल तर तुम्ही बारकीला ऐकलंत. उजवा चांगला असेल, तर मात्र पंचाईत आहे. म्हणजे कसली पंचाईत असं नाही. पंचाईत नाहीच.

असो. कळलं तेवढं कळवलं, उरलेलं तुम्ही कळवावं. लोभ आहेच, तो दोन्ही कानांनी वाढवावा.

तुमचाच,
भाचा

ता. क. पाकीट बंद करणार तोच सूनबाईनं पत्र वाचलं. (पत्र मी शब्दकोशाखाली ठेवलं होतं. तिथे आहे हे तिला कसं कळलं?) म्हणाली, ताकाला जाऊन भांडं लपवताय, मामा काही बाहेरचे नाहीत, काय बोललात ते सांगून टाका. तिनं रविवारी घरी ऐकलं होतं, उजव्या बाजूला बसून. तेव्हा सांगतो. मी बाईंना (म्हणजे निघालं ते सगळ्या जगाला) सांगत होतो, की मामा आता कायमचे आमच्याकडे येणार. म्हणजे माझ्या खोलीतली खिडकीपाशीची जागा गेली. घरात ती एकच जागा अशी आहे, की जिथे मी टेबल टाकून बसलो की मागून कोणी येऊ शकत नाही आणि समोरचा अख्खा रस्ता दिसतो. तिथे मामांची ती जुनी आरामखुर्ची येणार. मामा सकाळी उठल्या उठल्या पेल्यावर चमचा वाजवून तो कोणत्या सुरात आहे ते सांगणार, आमची दारावरची घंटा थोडी उतरली आहे असं प्रत्येक पाहुण्याला ऐकवणार, आणि बाजारातून काही आणा म्हटलं की बहिरा कान पुढे करणार. एवढं बोललो. थोडं जास्तही बोललो. आपलेच दात, आपलेच ओठ.

पण मामा, बारकीनं ते संथ वाजवायला घेतलं तेव्हा काय बोललो तेही मला आठवतंय, शब्दन् शब्द. मी लहान असताना तुम्ही मला पियानोखाली बसवून वरती तारा लावायचात, आणि सूर जुळला की खाली वाकून विचारायचात, आता पोटात कसं वाटतं? मला त्या झरोक्यापाशी तसं वाटलं. मी त्या माईकमध्ये म्हणालो, की इथे मामा हवे होते. खिडकी घेऊ देत, टेबल घेऊ देत, मी दारापाशी बसेन, पण त्यांनी एकटं त्या तिसऱ्या मजल्यावर राहू नये. आणि मग मला रडू आलं, तेही उजव्या स्पीकरमधून गेलं आहे. आता मला धास्ती एकच आहे. तुम्ही पहिलं ऐकून मनाला लावून घेतलंत आणि रेडिओ बंद केलात, तर दुसरं तुम्ही ऐकलंच नाही. एवढ्यासाठी तुमचा कान हवा आहे, बाकी कशासाठी नाही. फोन उचला ना मामा.

ता. क. दुसरा. हे लिहीत असताना खाली एक टेंपो येऊन थांबला. खिडकीतून लगेच दिसलं (जागेचा हा उपयोग). आधी मला वाटलं, केंद्रानं माझ्यावर पाळत ठेवली आहे. पेन्शनर धावत बाहेर गेला आणि ड्रायव्हरशी बोलून त्यानं वर माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे हाही त्यात सामील आहे. मग टेंपोतून तुमची आरामखुर्ची उतरली. तिच्यामागून तुमच्या कपड्यांची पेटी, सूर लावायच्या हत्यारांची पिशवी आणि मी दिलेला नवा रेडिओ, खोक्यात, वरची फीतसुद्धा न सोडलेला. आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरनं अंगाशी धरून, जपून आणला तो तुमचा जुना रेडिओ. त्याला स्पीकर एकच आहे.

म्हणजे तुम्ही सगळंच ऐकलंत. आयुष्यात माझा एक संशय खरा ठरला, तो हा.

ता. क. तिसरा. ड्रायव्हर खुर्ची घेऊन सरळ माझ्या खोलीत घुसला. मी म्हटलं, इथे कुठे? तर तो पाठ केल्यासारखं म्हणाला, "मामांनी सांगितलंय, खिडकीपाशीच ठेवायची. तिथं टेबलवाले आहेत ते आधी जरा कुरकुरतील, करू द्या म्हणाले. मग स्वतःच सरकतात."

टेबल मी सरकवलं आहे. हे पत्र ड्रायव्हरच्याच हाती देतो, म्हणजे पेन्शनरचा प्रश्न मिटला. शनिवारी चहा उरकला की रविवारी मी स्वतः घ्यायला येतो, जिना एकट्यानं उतरू नका. फक्त कोणता कान ते कळवाच. खुर्ची अजून मधेच ठेवली आहे. ती अशी लावायची आहे, की चांगला कान माझ्या टेबलाकडे येईल.